बिटिया साहबांच्या दोन दुर्बिणी

इकडे ये बघू. अशी, अगदी जवळ. कागदावरून बोलावतेय म्हणून काय झालं, मावशीने हाक मारली की यायचं. आणि आधी दोन शब्द ऐकून घे, मग हवं तर रुसून बस.

परवा लग्नघरात, जेवणं आटोपून आपण सगळ्या जणी सुपारी कातरत बसलो होतो, तेव्हा तू माझ्या लखनौच्या घरमालकिणीची नक्कल केलीस. एक डोळा पदराने झाकलास, कमरेवर हात ठेवलास आणि "अभी मोमबत्ती नहीं!" असं ओरडलीस. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. तिथवर ठीक होतं, अच्छा? तुझी नक्कल हुबेहूब होती हेही कबूल. पण शेवटी तू म्हणालीस, "बाई पार वेडी होती गं, चांगली चालती बंदूक ठाण्यात नेऊन देऊन आली." तेव्हा माझ्या हातातला अडकित्ता थांबला. लग्नघर होतं म्हणून मी गप्प बसले. आता नाही बसणार.

तू आमच्याकडे सुट्टीला यायचीस तेव्हा दहा वर्षांची होतीस. तुला काय ठाऊक असणार म्हणा. पण ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनीही तेच म्हटलं, आणि माझा खरा राग तिथे आहे.

सत्तरीच्या बाई, लग्न केलेलं नाही, आणि आमचं अख्खं निशातगंज त्यांना "बिटिया साहब" म्हणायचं. केस पांढरेशुभ्र, पाठ सरळ, आणि भाजीवाला भैया तीन वेळा म्हणणार, "बिटिया साहब, आज पालक बहुत अच्छा है." वडील जुने जमीनदार. मुलगा झाला नाही तेव्हा त्यांनी हिच्याच खांद्याला बंदूक लावली. जंगली जनावरांच्या शिकारीवर बंदी आली त्या दिवशी बाईंनी सगळी काडतुसं कपाटात ठेवली आणि चाकूला हात न लावता नुसता मुळा खाऊन झोपल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. मुळा का, ते मला कधी कळलं नाही.

भाडेकरू ठेवायची त्यांची रीत ऐक. आम्ही वरचा मजला बघायला गेलो. नोकरी कुठे, गाव कुठलं, मांसमच्छी खाता का, काही विचारलं नाही. आम्हा दोघांना वऱ्हांड्यात उभं केलं आणि समोरच्या शिंप्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. "पढ़िए." यांनी चष्मा पुसून पहिली ओळ वाचली. मी खालची बारीक ओळसुद्धा वाचली. बाई म्हणाल्या, "मकान दुल्हन को दिया. आप साथ में रह सकते हैं, भैया." तेव्हापासून मी त्यांची दुल्हन. दोन मुलांची आई, डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेले, पण दुल्हन ती दुल्हन.

लाइट गेली की मेणबत्ती लावायची नाही, हा तुला आठवतो तो नियम. दहा मिनिटं कुणी काडी ओढायची नाही. "आँख को मौक़ा तो दो! आँख अंधेरे में खुलती है, तुम लोग खुलने ही नहीं देते." मुलांची परीक्षा, दूध चुलीवर, आणि खालून या ओरडतायत. मी किती चडफडले असेन! अगं, भांडले आहे मी त्यांच्याशी जिन्यात उभी राहून. पण दहा मिनिटांनी खरंच भांडी दिसायची, उंबरा दिसायचा, मुलांचे दात दिसायचे. आणि तो डोळा झाकण्याचा प्रकार? रात्री बाहेर पडायचं असलं की त्या तासभर आधी एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून बसायच्या. एक डोळा उजेडाला, एक अंधाराला. फौजी लोकही असंच करतात म्हणे. त्यांनी केलं की हुशारी आणि हिने केलं की वेड.

बंदुकीचा परवाना बाईंच्याच नावावर. नूतनीकरणाला मी एकदा सोबत गेले होते. खिडकीतला बाबू मान वर न करता म्हणाला, "माताजी, जिनका लाइसेंस है उनको भेजिए." बाई म्हणाल्या, "वही खड़ी हैं. आप पहले चश्मे का नंबर बदलवाइए, फिर हमारा काग़ज़ देखिए." रांगेतले बाप्ये फिदीफिदी हसले. त्या हसल्या नाहीत. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "दुल्हन, निशाना तो ये सब लगा लेते हैं. पहचानते किसी को नहीं."

हे वाक्य त्या दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या. चाळीस वर्षांत एकही चुकीचं जनावर मारलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान. शिंगं दिसली, कान दिसले, मान कशी वळते ते दिसलं, तरच घोडा दाबायचा. नाहीतर रात्रभर बसून, दवात भिजून, शिंकत घरी.

तर त्यांची थोडी शेती होती, लखनौबाहेर, चिनहटच्या पलीकडे. गहू, मटार, आणि कडेने तूर. तिकडे अरहर म्हणतात. तिथे नीलगायींचा उच्छाद. आपल्याकडे रोही म्हणतात ना, तीच. घोड्याएवढं जनावर, वीस-वीसचा कळप, एका रात्रीत मटार सपाट. गावकरी रडकुंडीला यायचे, पण नावात गाय, त्यामुळे हात कोण लावणार? मग पिकाचं नुकसान होतं असा अर्ज करून रीतसर परवानगी काढायची आणि बिटिया साहबांना बोलवायचं. बाई म्हणायच्या, "हिरन की बिरादरी है. पाप लगे तो हमको लगे." आदल्या हिवाळ्यात त्या जीप आणि सर्चलाइट घेऊन गेल्या होत्या. दोन बार काढले, एक नर पडला, बाकीचा कळप पळाला. आठ दिवसांत परत आला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा भाचा उगवला. चुलतभावाचा मुलगा, म्हणजे तिकडचा भतीजा. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, कुठली नवी वस्तू दिसली की ती आपल्याकडे असलीच पाहिजे. दिल्लीहून त्याने एक रशियन दुर्बीण आणली होती, जुनी फौजी, रात्री बघायची. डोळ्याला लावली की सगळं हिरवं, जणू शेवाळातून बघतोय, आणि कानाशी डास घोंघावल्यासारखा बारीक आवाज. चांदण्याचा थेंबभर उजेड असला तरी पुरतो. तो म्हणाला, "बुआजी, सर्चलाइट का ज़माना गया. जानवर को पता ही नहीं चलेगा." पण त्याचं मन त्या हिरवीवरही नव्हतं. त्याला हवी होती दुसरी, उष्णता दाखवणारी. उजेड नको, चांदणं नको, लखनौचं ते दाट धुकं, तिकडचा कोहरा, पडलं तरी अडत नाही, पानांच्या आडचंही जनावर निखाऱ्यासारखं दिसतं. परदेशातून कुणीतरी आणून देणार होतं. पण ती बसवायची बंदुकीवर, त्याला बंदुकीचा परवाना लागणार, म्हणजे बुआजींची, आत्याची, सही.

आणि आमच्या ह्यांनी त्यात तेल ओतलं! विजेच्या कंपनीत नोकरी. तारांचे सांधे कुठे तापलेत ते दाखवणारं एक यंत्र यांच्या ताब्यात असायचं, लग्नातला व्हिडिओवाला खांद्यावर घेतो तेवढं धूड. आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर महिन्यातून दोनदा उडायचा, तो तपासायला हे एका संध्याकाळी यंत्र घेऊन आले. तपासणी झाली, आणि भतीजा म्हणाला, "भाईसाहब, पाँच मिनट छत पर?" झालं. सरकारी यंत्र गच्चीवर. मी चहा द्यायला गेले तर कोपऱ्यात हे दोघे आणि भतीज्याचे दोन दोस्त, बाजारात खरबूज निवडावं तसं चाललेलं. हिरवीत शिंगं दिसतात पण स्कूटरचा उजेड पडला की आंधळी होते. गरमवालीत सगळं दिसतं पण नाकडोळे नाहीत, नुसता पांढरा गोळा. हिरवीला धुकं चालत नाही, गरमवालीला काच चालत नाही. बॅटरी किती, वजन किती, किती कदमांवरून. जिच्या नावावर बंदूक ती बाई मागे वेताच्या मोड्यावर बसलेली, एका डोळ्याला पट्टी. तिला कोण विचारतंय! भतीजा मधूनच वळून म्हणायचा, "बुआजी, आप बस साइन कर दीजिएगा." माझं डोकं तिथेच तापायला लागलं होतं. त्या यंत्रात दिसलं असेल.

मी खाली आले. मागच्या अंगणात नळ होता, त्याच्यापुढे कारल्याचा वेल मांडवावर चढवलेला. लाइट गेली होती. मी उकिडवी बसून राखेने कढई घासत होते. वर हे लोक यंत्र फिरवतायत, बोलणं सगळं ऐकू येतंय. आणि भतीज्याचा आवाज आला, अगदी हरखलेला:

"वो देखिए, बुआजी! बेल के पीछे. बछड़ा है, बैठा हुआ. गरदन हिला रहा है. अरे, एकदम निशाने पर! यहीं से ठोक दूँ?"

आणि सगळे हसले. आमचे हेही. हो, तुझे काकासुद्धा. स्वतःची बायको ओळखू आली नाही त्यांना.

मला आधी काही कळेना. मग कळलं की बछडा म्हणजे मीच. बाळ, कुणीतरी आपल्याला गंमत म्हणून नेम धरून बघतंय, हे कळल्यावर पाठीत काय होतं ते मी तुला सांगू शकत नाही. मी तशीच उठले, राखेने भरलेले हात, आणि जिना चढून वर गेले.

"तो बछडा मी होते," मी म्हटलं. हिंदीत म्हटलं, पण रागात माझी हिंदी मराठीच होते. भतीजा कान धरून म्हणाला, "अरे भाभीजी, माफ़ी! अंधेरे में कुछ पता नहीं चला."

"अंधारात कळलं नाही ना? मग आता सांगा, तुमच्या तुरीच्या शेतात अंधारात कोण कोण बसतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार शिकलेले बाप्ये, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडेना. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले, मला ते उघड दिसत होतं. मी खेड्यात वाढले. आमच्या घराला तरी कुठे संडास होता? पहाटे चारला आई उठवायची, टमरेल हातात, आणि आम्ही सगळ्या बायका पिकाच्या आडोशाला. दिवसभर पोट धरून बसायचं, पाणी कमी प्यायचं, कारण बाईला तो अंधारच काय तो मिळायचा. रस्त्यावरून गाडीचा उजेड आला की अर्ध्यातून उठून उभं राहायचं, तोंड फिरवून. हे मी त्या गच्चीवर बोलले. परक्या पुरुषांसमोर, हो. लाज मला नव्हती वाटत, त्यांना वाटायला हवी होती.

हे पुटपुटले, "अगं, हे काय बोलतेस." भतीज्याचं उत्तर तयार: "भाभीजी, गाँव में कहलवा देंगे. उस रात कोई औरत न निकले."

"पोटाला कोण कळवणार? तुम्ही?"

दोस्तांपैकी एक खुसकन हसला. आणि मागून मोडा सरकल्याचा आवाज आला. बिटिया साहब उभ्या राहिल्या होत्या. डोळ्यावरची पट्टी त्यांनी काढली आणि म्हणाल्या, "दुल्हन, ये हमको किसी ने बताया क्यों नहीं?"

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "तुमच्या घरात न्हाणीघर होतं, बिटिया साहब. तुम्हाला कोण सांगणार?"

त्यांनी पट्टीची घडी घातली. खाली गेल्या. रात्री जेवल्या नाहीत हे मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या गप्प राहण्यावरून कळलं. जास्त बोलले का, असं मला वाटलं. वाटू दे. बोलायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच गावाला गेल्या. बंदूक घरी, हिरवी दुर्बीण घरी. चार रात्री तिथे राहिल्या. परत आल्या त्या थेट वर, माझ्या स्वयंपाकघरात, आणि पाटावर बसल्या. नऊ वर्षांत माझ्या घरात पाऊल टाकल्याची ती पहिली वेळ. मी पोळ्या लाटत होते.

म्हणाल्या, "हम गए थे उनके साथ. लोटा लेकर."

सत्तर वर्षांची ती बाई, पहाटेच्या कोहऱ्यात, गावच्या बायकांबरोबर. पहिल्या दिवशी बायका लाजून पळाल्या. दुसऱ्या दिवशी हिच्यासाठी जरा बाजूची जागा सोडली. तिसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. आणि जागा कुठली? हिच्याच तुरीची कड. नीलगायी पहाटे जिथून आत शिरतात, तिथलीच. जनावरालाही आडोसा हवा, बाईलाही हवा. वेळ एक, जागा एक. बायका म्हणाल्या, नीलगाय आली तरी आम्ही बसून राहतो, ती काही करत नाही.

"फिर एक ने साड़ी उठाकर पिंडली दिखाई, दुल्हन. यहाँ." त्यांनी स्वतःच्या पोटरीवर बोट ठेवलं. "छर्रे का निशान है. पिछले जाड़े का."

मी तवा खाली उतरवला.

आदल्या हिवाळ्यात काढलेले ते दोन बार. नर नीट ओळखला होता, शिंगं बघितली होती, मान बघितली होती, सर्चलाइट अंगावर होता. बार बरोबर लागला. पण एक छर्रा पुढे गेला, आणि पुढे तुरीत ती बसली होती. ती ओरडली नाही. ओरडून सांगणार काय, की मी इथे कशाला बसले होते? जीप, दिवे, चार पुरुष. ती तशीच लंगडत घरी गेली. घरात सांगितलं की काढलेल्या पिकाचा खुंट लागला. सासूने सुईने छर्रा उकरून काढला, तिला कळलंच असेल, पण तीही गप्प. दोघी गप्प, गाव गप्प, आणि इकडे आम्ही निशातगंजात नर पडला म्हणून बिटिया साहबांचं कौतुक करत होतो.

"हमने पहचाना था, दुल्हन. जिसको मारा उसको पहचाना था. उसके पीछे कौन है, ये तो हमने कभी देखा ही नहीं. चालीस बरस में एक बार नहीं."

मग कितीदा असं झालं असेल? हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांच्या तोंडावर तो आधीच होता.

त्या बाईने बिटिया साहबांकडून वचन घेतलं होतं: कुणाला सांगायचं नाही. नाहीतर सासरा विचारेल, पोलिस विचारतील, गावातले सगळे पुरुष मिळून तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतील. नाव बाईंनी मलाही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्या बंदूक ठाण्यात जमा करून आल्या. परवानाही. भतीजा धावत आला. "बुआजी, हुआ क्या है? बताइए तो!" बाई म्हणाल्या, "मन नहीं है." बस. हिरवी घ्यायची की गरमवाली, हा प्रश्नच मिटला, दुर्बीण लावायला बंदूकच राहिली नाही. तो इतका पेटला की दिसेल त्याला सांगत सुटला: बुआजींचं डोकं फिरलंय, म्हातारपण आहे, कुणी टोटका, करणी, केलीय. आणि लोकांनी मान डोलावली. का नाही डोलावणार? पुरुषाने बंदूक खाली ठेवली की तो संत, आणि बाईने ठेवली की तिला हकीमाकडे न्या. मी आमच्या ह्यांना सुद्धा सांगू शकत नव्हते. एकदा हे म्हणाले, "बिचाऱ्या, जरा भ्रमिष्टच झाल्यात." त्या दिवशी मी यांच्या ताटात भाजी इतकी जोरात वाढली की वाटी उलटली.

आणि वेडाचा दुसरा पुरावा ऐक. त्या वर्षी तूर काढायची वेळ आली तेव्हा बाईंनी निरोप पाठवला: सगळी काढा, पण रस्त्यापासून आतल्या बांधापर्यंतचा एक पट्टा काढायचा नाही. शेंगा तोडून घ्या, झाडं उभी राहू द्या. वाळली तरी उभी. मग त्याच्यापुढे नवीन पेरा. दर वर्षी. वाट्याने शेत कसणारा बटाईदार येऊन हात जोडायचा, "बिटिया साहब, अच्छी-भली ज़मीन है." या म्हणायच्या, "हमारी है. खड़ी रहने दो." नीलगायी येत राहिल्या, मटार खात राहिल्या. बाई काठ्या आणि फुटके डबे घेऊन माणसं बसवायच्या, तीही रात्रीच्या तिसऱ्या प्रहरापर्यंतच. पहाटे कुणी बाप्या त्या बाजूला फिरकायचा नाही, ही सक्त ताकीद. लोक पोट धरून हसायचे.

बाई गेल्या त्या वर्षी चैत्र उलटलेला. तेरवीचं जेवण गावीच ठेवलं होतं. आम्ही टेम्पोने गेलो. गहू कापून झाला होता, तूर निघाली होती, नजर जाईल तिथवर उघडं बोडकं रान. मांडवात भतीजा पाहुण्यांना पुऱ्या वाढत सांगत होता, "आख़िर में दिमाग़ ठीक नहीं रहा था बेचारी का." मी ताट तसंच ठेवून उठले. उठले म्हणजे रागाने तर उठलेच, पण खरं सांगायचं तर सकाळपासून गाडीत बसून माझीही पंचाईत झाली होती, आणि त्या भर दुपारी, त्या उघड्या रानात, शंभर पुरुषांत, जाणार कुठे?

मांडवामागे एक बाई पत्रावळी गोळा करत होती. पन्नाशीची असेल. माझं तोंड बघून तिला न सांगता कळलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "ओहर चली जाव बहिनी. बिटिया साहब वाली आड़ है. कोऊ न देखी."

मी गेले. वाळलेली तूर, डोक्याच्या वर, दाट. आत पायवाट पडून पडून गुळगुळीत झालेली. बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि बाहेरून मी कुणाला दिसत नव्हते. तिथे बसून मी रडले बाळ, आणि मग तोंड पुसून बाहेर आले. ती बाई पाण्याचा लोटा घेऊन, पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मी येईपर्यंत हलली नाही.

आता पुरे. ह्यांनाही सांगितलं नाही ते तुला सांगितलं, तुझ्यापाशीच ठेव. या थंडीत ये. जानकीपुरमच्या आमच्या नव्या घरात वरची खोली रिकामीच असते, हे स्टेशनवर येतील. हिरवे मटार वाटून निमोना करते, तो रस्सा तुला आवडायचा. पण लवकर ये हं, आज-उद्या करत बसू नकोस. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय माझं पोट भरत नाही.